कड्यावरचा लाल मकरंद : मॉरिशसच्या नेसोकोडनचं प्रकरण

फुलातला मकरंद पाण्यासारखा नितळ असतो. जास्वंदीच्या फुलाचं बूड चोखलेल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक आहे: जिभेला गोडी लागते, डोळ्यांना काही दिसत नाही. कीटकांना, पाखरांना बोलवायचं काम पाकळ्यांचा रंग आणि वास करतात. मकरंद आत ठेवलेला असतो, आणि तो रंगवण्याची गरज झाडाला सहसा पडत नाही.

मॉरिशसच्या उभ्या कड्यावर वाढणाऱ्या एका छोट्या झुडपाला मात्र ती पडली. नेसोकोडन मॉरिशियानस हे त्याचं नाव. फूल फिकट निळसर जांभळं, घंटेच्या आकाराचं, आणि आत रक्तासारखा लाल मकरंद. कॅम्पॅन्युलेसी या कुलातली नेसोकोडन ही प्रजाती (genus) आणि तिच्यात ही एकुलती एक जाती (species). निसर्गात ती फक्त मॉरिशसमध्ये आहे, तिथेही अगदी मोजक्या जागी. तिचे जवळचे नातलग शेजारच्या रियुनियन बेटाच्या डोंगरांवर आहेत. आपल्याकडे याच कुलातली ओळखीची वनस्पती म्हणजे पावसाळा सरल्यावर महाबळेश्वरच्या वाटांवर पांढऱ्या फुलांचे उंच तुरे काढणारी रानतंबाखू, जिला देवनळ किंवा ढवळ असंही म्हणतात. पण रानतंबाखू पुरुषभर वाढते. नेसोकोडन बिचारं खडकाच्या फटीत मावेल एवढं.

या झुडपाचं प्रकरण १९७६ मध्ये सुरू होतं आणि २०२२ मध्ये त्यातला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न सुटतो. मकरंद लाल होतो कसा, हे आता रेणूच्या पातळीवर माहीत आहे. तो लाल कुणासाठी होतो, याचं उत्तर मिळाल्यासारखं आहे. या दोन वाक्यांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण झाड टिकवायचं तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच टिकवावं लागणार आहे.

इतक्या उशिरा कसं सापडलं?

मॉरिशस काही दुर्गम, अनोळखी बेट नव्हे. १६३८ मध्ये डच तिथे वस्तीला आले, अठराव्या शतकात फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरची मुख्य भूमी, आणि तिच्यावर निसर्गअभ्यासकांची ये-जा सतत चालू. तरीही नेसोकोडन १९७६ मध्ये, एका धबधब्याजवळच्या पाणी झिरपणाऱ्या कड्यावर, पहिल्यांदा वनस्पतीशास्त्रज्ञांच्या नजरेला पडलं. १९७९ मध्ये रिचर्डसन यांनी त्याचं वर्णन वाहलेनबर्गिया या मोठ्या प्रजातीतली नवी जाती म्हणून केलं. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या मॅट्स थुलिन यांनी त्याला तिथून काढून स्वतंत्र प्रजातीचा मान दिला.

उशीर होण्याचं कारण कड्यातच आहे. डचांनी आबनूस तोडला, हरणं आणली. डुकरं, बकऱ्या, उंदीर, माकडं आली. मग उसाने सपाटी व्यापली. १८३४ पासून या उसाच्या मळ्यांवर भारतातून गिरमिट मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी तिथे गणपती जपला, इतका की गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या त्या शतकाने माणसांची एक नवी वस्ती घडवली आणि त्याच वेळी मूळचं जंगल जवळजवळ संपवलं. आज बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

बकरीचं तोंड आणि माकडाचा हात जिथे पोचत नाही, अशी जागा म्हणजे उभा कडा. सह्याद्रीत हेच दिसतं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड यांच्या कातळांवर शिंदळ माकुडी ही दुर्मीळ वनस्पती अजून तग धरून आहे, कारण कडा चढून ती ओरबाडणं जनावरांना जमत नाही. मात्र कड्यावरच्या प्रत्येक झाडाला आपण ‘कडेप्रेमी’ म्हणतो, त्यात गफलत होऊ शकते. काही झाडं मुळातच कड्याची असतात, काही इतरत्र संपल्यामुळे कड्यावर शिल्लक राहिलेली असतात. नेसोकोडनला झिरपणाऱ्या पाण्याचा ओला खडक मानवतो हे खरं. पण त्याचा आजचा पत्ता हाच त्याचा पूर्वीचा संपूर्ण मुलूख होता, असं धरून चालू नये.

लाल थेंब कुणासाठी?

१९९८ मध्ये डेन्मार्कचे येन्स ओलेसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये या लाल मकरंदाविषयी लिहिलं आणि हे झुडूप जगभरच्या परागणअभ्यासकांच्या चर्चेत आलं. रंगीत मकरंदाच्या आणखी दोन वनस्पती त्याच बेटावर होत्या: ट्रोकेशिया बुटोनियाना आणि ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियाना. या दोघींचा नेसोकोडनशी काही संबंध नाही, त्या जास्वंदीच्या कुलातल्या. पहिली तर मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे. निसर्गात ती फक्त नैऋत्येकडच्या ल मोर्न या डोंगरावर उगवते, आणि १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला तेव्हा तिला हा मान मिळाला.

एका छोट्या बेटावर दोन वेगळ्या कुलांतल्या तीन वनस्पती आपला मकरंद रंगवतात, हा योगायोग मानणं अवघड आहे. बेटावर कुणीतरी असा पाहुणा असणार, ज्याला हा रंग कळतो.

लाल रंग म्हटला की वनस्पतीशास्त्राचं बोट आधी पक्ष्यांकडे वळतं. पळस, पांगारा, काटेसावर फुलल्यावर त्यांच्यावर पाखरांची झुंबड आपण दर वर्षी पाहतो. मॉरिशसमध्ये मकरंद खाणारे चष्मेवाले आहेत. पण तिथे दिवसा उन्हात वावरणाऱ्या, हिरव्यागार, पाठीवर लाल ठिपके मिरवणाऱ्या पालीही आहेत. फेल्सुमा ही त्यांची प्रजाती. पाल म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. ती चुकचुकली तर शुभ-अशुभ, अंगावर पडली तर आंघोळ. या पाली मात्र कीटक खाता खाता फुलापाशी येतात आणि जिभेने मकरंद चाटतात. दूरच्या सागरी बेटांवर हे पुष्कळदा घडतं: कीटकांचे प्रकार थोडे, सरड्या-पालींची संख्या भरपूर, त्यांना खाणारे शत्रू कमी. मग मुख्य भूमीवर मधमाशी किंवा सूर्यपक्षी जे काम करतो, ते बेटावर पाल करू लागते.

डेनिस हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या पालींची परीक्षा घेतली. कृत्रिम फुलं केली. काहींत नितळ गोड पाणी, काहींत रंगीत. फेल्सुमा ओर्नाटा या जातीच्या पालींनी रंगीत मकरंदाला स्पष्ट पसंती दिली. प्रयोग साधा आहे आणि म्हणूनच मला आवडतो. पाकळ्यांचा आकार, वास, फुलाची जागा, हे सगळं बाजूला ठेवून त्याने एकच गोष्ट विचारली आणि तिचं उत्तर मिळवलं.

पुढच्या वर्षी याच मंडळींनी जगभरातला रंगीत मकरंद गोळा करून पाहिला, तेव्हा अशा ६७ वनस्पतींची नोंद झाली. यादीत एक कल दिसला: बेटं, उंच डोंगर आणि कणा असलेले परागवाहक, म्हणजे पक्षी, पाली असे प्राणी. मधमाश्यांच्या जगात मकरंद रंगवून फारसा फायदा नसावा. डोळ्यांनी शोधणाऱ्या, फुलात डोकावून ‘आहे की नाही’ हे पाहणाऱ्या प्राण्यासाठी तो रंग उपयोगी. फिकट निळ्या घंटेत लाल थेंब दुरून उठून दिसतो. थेंब दिसला तर खाऊ आहे, नाही दिसला तर पुढे चला. पाकळ्यांचा रंग फूल रिकामं असतानाही तसाच राहतो. मकरंदाच्या रंगाला ते शक्य नाही, कारण मकरंद संपला की रंगही संपतो. जनावराचा फुकट हेलपाटा वाचतो, आणि ज्या झाडावर फसगत होत नाही त्या झाडाकडे ते परत येतं.

पिवळ्याचं लाल

रंग कसा तयार होतो, हे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात उलगडलं. रंगद्रव्य आजवर कुणालाही माहीत नसलेलं निघालं. त्याला नेसोकोडिन असं नाव दिलं गेलं.

या शोधातली मला सर्वांत देखणी वाटणारी बाब म्हणजे मकरंद लाल होऊन स्रवत नाही. तो आधी फिकट पिवळा आणि आम्लधर्मी असतो. फुलात साचल्यावर हळूहळू अल्कधर्मी होतो आणि मग लालीवर येतो. ओल्या हळदीत चुना पडला की लाल रंग फुटतो, हे देवघरात आणि लग्नघरात पाहिलेल्या माणसाला इथली दिशा लगेच कळेल. फरक एवढाच की हळदीत आधीपासून असलेलं द्रव्य रंग पालटतं, नेसोकोडनच्या फुलात मात्र द्रव्यच नवं घडतं.

ते घडवायला झाड मकरंदात तीन विकरं (एन्झाइम) सोडतं. पहिलं कार्बोनिक अॅनहायड्रेज. आपल्या तांबड्या रक्तपेशींत कार्बन डायऑक्साइडची ने-आण सांभाळणाऱ्या विकरांचंच हे भाईबंद. मकरंदातलं आम्ल ते घटवतं आणि अल्कतेची बाजू वर जाते. दुसरं विकर एका अल्कोहोलपासून सिनॅपाल्डिहाइड बनवतं. हे अल्कोहोल झाडांना नवं नाही, लाकडाला घट्टपणा देणाऱ्या लिग्निनच्या बांधकामात ते नेहमीचं. या सिनॅपाल्डिहाइडची प्रोलीन या अमिनो आम्लाशी गाठ पडते आणि नेसोकोडिन तयार होतं. अशी गाठ आम्लात टिकत नाही, म्हणून आधी अल्कता हवी.

इथे एक अडचण उभी राहते. दुसरं विकर काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि ते रंग उडवून टाकू शकतं. म्हणजे रंगाचा कच्चा माल बनवताना रंग मारणारं द्रव्यही त्याच थेंबात साचत जाणार. तिसरं विकर आहे ते यासाठी: ते पेरॉक्साइड मोडून टाकतं आणि लाली राखतं. एका थेंबात एवढी कामांची वाटणी. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एक लाल टिपूस दिसतो.

संशोधकांनी प्रयोगशाळेत बनवलेलं नेसोकोडिन फेल्सुमा पालींसमोर ठेवून पाहिलं, आणि पाली त्याच्याकडे ओढल्या गेल्या. २००६ च्या प्रयोगात रंग होता. आता खुद्द झाडाचं रंगद्रव्य होतं. ही साखळीतली महत्त्वाची कडी.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण अमेरिकेत जाल्टोमाटा हेरेरे नावाची वनस्पती आहे, वांगी-मिरची-टोमॅटोच्या कुलातली. तिच्या फुलांना गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) भेट देतात आणि तिचाही मकरंद लाल असतो. त्यातही नेसोकोडिनच सापडलं. नात्याने इतक्या लांबच्या, दोन वेगळ्या महासागरांपलीकडच्या दोन वनस्पतींनी, एक पालींसाठी आणि एक पाखरांसाठी, स्वतंत्रपणे तोच रेणू घडवला. याचा अर्थ, पाण्यात विरघळणारा, लाल दिसणारा, खाणाऱ्याला न बाधणारा आणि मकरंदात टिकणारा रंग बनवायच्या वाटा फार नसाव्यात.

पुरावा कुठवर जातो

आता प्रकरणाचा सांधा. हाती काय आहे ते नीट मांडून पाहू. पालींना रंगीत मकरंद आवडतो, हे दाखवलं गेलं आहे. नेसोकोडनचंच रंगद्रव्य त्यांना खेचतं, हेही दाखवलं गेलं आहे. यावरून संशोधक म्हणतात की फेल्सुमा पाली हे या झाडाचे सर्वांत संभाव्य परागवाहक आहेत. शब्द ‘संभाव्य’ आहे आणि तो जपून वापरलेला आहे. वर्तमानपत्री बातम्यांत मात्र तो गळतो आणि ‘पालींसाठी लाल मध बनवणारं झाड’ एवढंच उरतं.

मकरंदाकडे येणं आणि परागण करणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. या कुलातल्या घंटाफुलांची रचना लक्षात घेतली तर हे जास्त पटेल. कळी मिटलेली असतानाच पुंकेसर आपले परागकण मधल्या कुक्षीवृंतावर सांडतात. फूल उमलल्यावर आधी तो दांडा पराग देतो. मग काही काळाने त्याच दांड्याचं टोक फुटून कुक्षी उघडतात आणि पराग घेऊ लागतात. फूल आधी नर, नंतर मादी. तेव्हा खरा परागवाहक तो, जो नर अवस्थेतल्या फुलाला अंग घासून मादी अवस्थेतल्या फुलापाशी जातो, आणि शक्यतो दुसऱ्या झुडपाच्या. नुसती जीभ लांब करून थेंब चाटून गेलेली पाल झाडाच्या दृष्टीने पाहुणी नव्हे, चोर आहे.

मॉरिशसमध्येच शेजारच्या उदाहरणांत पालींचं परागण मैदानी निरीक्षणांतून पक्कं झालं आहे. ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियानाचा अभ्यास यात फार बोलका आहे. निळ्या शेपटीची फेल्सुमा सेपेडियाना ही पाल तिच्या फुलांवर येते. पण सगळ्या झाडांवर सारखी नाही. केवड्याच्या जातीच्या झुडपांची दाट जाळी ज्या झाडांजवळ होती, तिथे पालींच्या भेटी जास्त होत्या आणि फळधारणाही जास्त. कारण सरळ आहे. मॉरिशसचा छोटा ससाणा मुख्यतः या पालींवर जगतो. लपायला केवड्याची टोकदार पानं जवळ असतील तरच पाल उघड्यावरच्या फुलापर्यंत जायचं धाडस करते. म्हणजे ट्रोकेशियाला फळं धरायची तर शेजारी केवडा हवा. कोकणात केवड्याच्या बनात साप असतो अशी भीती घालतात; तिथे त्याच बनात फुलाचा मित्र दडलेला असतो.

दुसरं उदाहरण तितकंच बोलकं, पण दुःखाचं. रूसिया सिम्प्लेक्स ही मॉरिशसची आणखी एक संकटग्रस्त वनस्पती, हीसुद्धा एका प्रजातीत एकटीच. तिचं परागण आणि बीजप्रसार, दोन्ही सेपेडियाना पालच करते. पण बाहेरून आलेल्या पांढऱ्या पायांच्या मुंग्यांनी तिच्या फुला-फळांवर पिठ्या ढेकणाचं पालन सुरू केलं आणि पालींना तिथून हुसकावलं. झाड हिरवं, फुलं आलेली, मकरंदही आहे, आणि बी मात्र धरत नाही.

नेसोकोडनचं संवर्धन या दोन उदाहरणांच्या उजेडात पाहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हे झुडूप लागवडीला अवघड नाही. ब्रिटनमधल्या क्यू उद्यानासह अनेक ठिकाणी ते कुंडीत वाढवलं जातं, तिथे फुलतंही. त्यामुळे ‘जाती वाचली’ असं म्हणायचा मोह होतो. ती एका अर्थी वाचली आहे आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. कड्याची दरड एका पावसाळी रात्री कोसळली तर कुंडीतली रोपंच उपयोगी पडणार आहेत. पण काचघरात लाल मकरंद रोज तयार होतो, तीन विकरं आपापलं काम करतात, आणि चाटायला कुणी येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माळ्याने ब्रशने पराग लावून वाढवलेल्या झाडांत लाल मकरंद बनवण्याचा खर्च वाया जाणारा खर्च ठरतो. ज्या रोपात रंग फिका, त्याला काही तोटा होत नाही. निवड थांबली की गुण घसरायला मोकळा होतो. किती वेगाने, हा वेगळा प्रश्न. पण संग्रहातल्या रोपांचा मकरंद लालच राहतो आहे का, याची नोंद पिढीगणिक ठेवायला काहीच अवघड नाही, आणि ती ठेवलीच पाहिजे.

कड्यावरचं काम अधिक कठीण आहे. तरी ते कसं करायचं याचा आराखडा या प्रकरणातूनच हाती येतो. दोरावरून उतरून फुलांसमोर स्वयंचलित कॅमेरे लावावे लागतील, दिवसभर चालणारे. नुसतं ‘पाल आली’ असं नोंदवून भागणार नाही. फूल नर अवस्थेत होतं की मादी, पालीच्या नाकाडावर, हनुवटीखाली पराग लागला का, ती तिथून कुठे गेली, हे टिपावं लागेल. शिवाय काही फुलांवर बारीक जाळी लावून, म्हणजे मुंगी-माशी आत जाईल पण पाल नाही अशी, बी धरण्यातला फरक मोजावा लागेल. उघड्या फुलांत बी भरपूर आणि जाळीतल्या फुलांत नगण्य, असं आढळलं की पाहुण्याची ओळख बऱ्यापैकी पटली, कारण पाल आणि चष्मेवाला यांच्यातला फरक कॅमेरा सांगेल. उलट दोन्हीकडे बी सारखंच आढळलं, तर झाड स्वतःच्या परागावर भागवत असेल किंवा एखादा कीटक काम करत असेल, आणि मग लाल थेंबाची कथा नव्याने लिहावी लागेल.

त्याच फेरीत मुंग्या आहेत का हे पाहावं. कड्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी पालींना लपायला केवड्यासारखी मूळची दाट झुडपं उरली आहेत, की तिथे चिनी पेरूसारखी उपरी झाडं माजली आहेत, हेही पाहावं. चिनी पेरूने मॉरिशसच्या जंगलाची फार मोठी हानी केली आहे, आणि ही उपरी झाडं तोडून मूळची झाडं लावण्याचं काम बेटावर अनेक संरक्षित तुकड्यांत चालू आहे. असा एखादा तुकडा नेसोकोडनच्या कड्याच्या माथ्यावर तयार झाला, त्यात केवडा लागला, केवड्यात पाली आल्या, तर कुंडीतली रोपं तिथे नेऊन लावण्याला खरा अर्थ येईल. तोवर कड्यावर रोपांची संख्या वाढवत राहणं म्हणजे रूसियाच्या वाटेने जाण्याचा धोका पत्करणं आहे: झाडं दिसतील, फुलतील, आणि त्यांच्याखाली एकही नवं रोप उगवणार नाही.